ट्यूबवरची जूनची तारीख

टीचरांच्या मिस्टरांच्या वहीत, शेवटच्या काही पानांपैकी एकावर, पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला आहे. त्यावर निळ्या मार्करने लिहिलंय, 'जून', आणि पुढे साल. अक्षर माझं आहे. सातवीत सुटलेल्या शाळेचं, जरा जास्तच गोल, जरा जास्तच नीट. आणि तो महिना खोटा आहे.

आम्ही परभणीकडचे. सातवीनंतरची शाळा पुढच्या गावाला होती, मधे ओढा होता, आणि घरात धाकटी दोघं सांभाळायला कुणीतरी हवं होतं. ते कुणीतरी मी झाले. लग्नानंतर नवऱ्याला वालीवला प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या कारखान्यात काम लागलं आणि मी त्याच्यामागे इकडे आले. पहिली दोन वर्षं वसई पूर्वेला भाड्याच्या एका खोलीत काढली. मग निर्मळमधल्या एका रिटायर टीचरांना घरकामाला आणि झाडं बघायला बाई हवी आहे असं कळलं. टीचर एकट्या होत्या. मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी परदेशात. सहा महिने माझं काम बघितल्यावर त्यांनी वाडीतल्या मागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला दिल्या. माझ्या हातात किल्ली ठेवून म्हणाल्या, "सकाळचा चहा एकत्र घेऊ. मला एकटीला कोरा वाटतो." दूध घातलेला चहा कोरा कसा वाटतो हे मला तेव्हा कळलं नाही.

इतकं कुणी दिलं की माणूस घाबरून राहतो. निदान मी राहते. कप खाली ठेवताना आवाज झाला तरी वाटायचं, आता म्हणतील, नको बाई तू. असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पण मी रोज त्याची वाट बघत असायची.

घराच्या मागच्या बाजूला केळी पिकवायची जुनी खोली आहे. जाड भिंती, खिडकी एकही नाही. पूर्वी केळीचे घड त्यात बंद करून धूर द्यायचे. आता तिथे एक लोखंडी मांडणी आहे, दोन फळ्यांची, आणि प्रत्येक फळीच्या डोक्यावर दोन-दोन ट्यूबलाइट. खाली छोट्या कुंड्यांत आफ्रिकन व्हायोलेटची रोपं. मखमलीसारखी पानं, मधोमध जांभळ्या फुलांचा झुबका. टीचरांच्या मिस्टरांनी कुठून तरी एकच पान आणलं होतं म्हणे, पाकिटात घालून. ते मातीत खोचलं, त्याची रोपं झाली, त्या रोपांच्या पानांची आणखी रोपं. बाहेरचं ऊन आणि पाऊस या झाडांना सोसत नाही म्हणून ही बिनखिडकीची खोली आणि ट्यूबचा दिवस. सकाळी सातला टायमर टक् करतो, खोलीत सकाळ होते. संध्याकाळी परत टक्.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला इकडच्या ख्रिस्ती लोकांत मृतांच्या आठवणीचा दिवस असतो. सगळे सिमेट्रीत जातात, कबरी धुतात, फुलं आणि मेणबत्त्या लावतात. टीचर फुलं विकत घ्यायच्या नाहीत. फुललेल्या व्हायोलेटच्या पाच-सहा कुंड्या मिस्टरांच्या कबरीवर ठेवायच्या आणि संध्याकाळी परत आणायच्या. "त्यांचीच पोरं त्यांना दाखवून आणते," म्हणायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला खोलीत नेऊन नियम सांगितला होता. "ट्यूब गेली की बदलायची, असं नाही हं. एक वर्ष झालं की बदलायची. चालू असली तरी."

"चालू असताना?"

"चालू असताना. आणि दोन्ही एकदम नाही. एक आज, दुसरी महिन्याने. नाहीतर पानं भाजतात."

मी मान हलवली, पण मनातून हसले. आमच्या घरी एकच बल्ब होता, पिवळा, तारेचा. तो गेला तरी बाबा टाकायचे नाहीत. काढायचे, कानाशी धरायचे, हळूहळू हलवत तुटलेल्या तारेची टोकं एकमेकींना टेकवायचे आणि तशीच धरून परत होल्डरमध्ये फिरवायचे. बल्ब लागायचा, उलट जास्तच उजेड द्यायचा. शेजारची माणसं आपले गेलेले बल्ब घेऊन यायची. "बघा की जरा, तुमच्या हाताला येतंय." बाबांना गावात एवढाच मान होता आणि तो मला फार होता. अशा घरातली मी. चांगली चालणारी ट्यूब उतरवून ठेवायची, हे मला शिजलेलं अन्न फेकण्यासारखं वाटलं. शिकलेल्या माणसांचे छंद, असं मी मनात म्हटलं.

ही गोष्ट झाली त्या वर्षी मे महिन्यात टीचर मुलीच्या बाळंतपणाला गेल्या. चार नव्या ट्यूब पुठ्ठ्याच्या नळ्यांत घालून कपाटामागे उभ्या करून गेल्या. "जूनमध्ये दोन, जुलैमध्ये दोन. प्रत्येक ट्यूबच्या टोकाला पट्टी लावून महिना लिही. मी तुला लिहायला सांगतेय, नवऱ्याला नाही." माझं अक्षर सुटू नये म्हणून त्या मला अशी कामं द्यायच्या.

जूनमध्ये मी स्टुलावर चढले. चारही ट्यूब पांढऱ्या लख्ख चालू होत्या. एकही लुकलुकत नव्हती. मी उतरले. चढताना भीती होती की काचेची लांब ट्यूब आपल्या हातून फुटेल. उतरताना मात्र मी स्वतःला वेगळंच सांगितलं: त्या आल्या की चार कोऱ्या ट्यूब समोर ठेवू, म्हणू, बघा टीचर, तुमच्या चारी वाचवल्या. त्या खूश होतील. त्यांनी इतकं दिलं, आपण एवढं तरी वाचवावं. आज मी या दोन कारणांपैकी खरं कुठलं ते शोधायला जाते तेव्हा मला भीतीच आधी सापडते.

त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"ट्यूब बदलल्यास का गं?"

"हो टीचर."

तोंडातून निघूनच गेलं. पुढे त्या बाळाचं नाक कुणावर गेलंय ते सांगत राहिल्या आणि मी हं हं करत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते खरं करायला पुन्हा स्टुलावर चढले. ट्यूब फिरवली, ती होल्डरमध्ये घट्ट बसलेली. जरा जोर दिला तर कर्र आवाज झाला. मी हात सोडला. विचार केला, चालूच तर आहे. झाडांना उजेड मिळतोय. खोटं बोलले खरी, पण त्यात नुकसान कुणाचं? मग दोन पट्ट्या कापल्या, मार्करने 'जून' लिहिलं आणि दोन जुन्या ट्यूबच्या टोकांना, आधीच्या पट्ट्या काढून, नीट दाबून लावल्या. जुलैमध्ये पुढच्या दोन पट्ट्या लावल्या. कोऱ्या ट्यूब माळ्यावर केळीच्या रिकाम्या खोक्यांमागे गेल्या. आता त्या वाचवलेल्या ट्यूब राहिल्या नव्हत्या, लपवलेल्या होत्या.

ऑगस्टमध्ये रोपं बदलायला लागली. पानं जमिनीलगत बशीसारखी पसरलेली असायची, ती वर उठली. देठ लांब, बारीक, फिकट, खाटेखाली राहून गेलेल्या कांद्याला कोंब येतात तसे. कळ्या येईनात. मी पाणी कमी केलं, मग वाढवलं. कुंड्या फिरवून ठेवल्या. उदबत्तीच्या काड्या टोचून देठ दोऱ्याने बांधले. ट्यूबचा विचार माझ्या मनात आलाच नाही असं लिहिलं तर ते या पानावरचं दुसरं खोटं होईल. विचार आला. मी वर बघितलं, चारही चालू होत्या, आणि मी तो विचार सोडून दिला.

टीचर सप्टेंबरच्या शेवटी आल्या. बॅग दारात ठेवून आधी त्या खोलीत गेल्या. मी मागे.

दारातच थांबल्या. "अगं, इथे उजेड कमी झालाय का?"

"नाही टीचर. आहे तेवढाच आहे." हे मी खरं समजून सांगितलं. मी रोज बघत होते. रोज बघणाऱ्याला कळत नाही.

त्यांनी चष्मा पुसला. ट्यूबच्या टोकाची पट्टी वाचली. "जून. म्हणजे चार महिनेसुद्धा झाले नाहीत." मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझेच डोळे."

मी खाली वाकून एक कुंडी सरळ केली.

रोपांकडे बघून त्या मला ओरडल्या नाहीत. "झाडांना माझी सवय सुटली," म्हणाल्या. काड्या आणि दोरे बघून तर माझी पाठ थोपटली. "किती करत बसलीस गं."

आठवड्याभरात त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, या वयात असतेच, एवढ्यात काही करायचं नाही. टीचरांनी फक्त 'सुरुवात आहे' एवढं धरून ठेवलं. ओट्यावरची डाळ निवडायला मला देऊ लागल्या. जिना उतरताना भिंतीला हात लावू लागल्या. आणि एका दुपारी त्या फोनवर बोलत होत्या. बहिणीशी बोलताना त्या घरच्या बोलीत बोलतात, त्यातलं मला निम्मंच कळतं. पण हा फोन चर्चमधून होता, त्यामुळे सगळं कळलं.

"नाही, माझं वाचन दुसऱ्या कुणाला तरी द्या. दिसत नाही हो नीट. तिथे उभं राहून अडखळायचं, त्यापेक्षा नको."

रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, वेदीजवळ उभं राहून बायबलमधलं पहिलं वाचन टीचर करायच्या. किती वर्षं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. शनिवारी त्या स्वयंपाकघरात मोठ्याने सराव करायच्या आणि मी भाजी चिरताना ऐकायची. तो शनिवार पहिल्यांदा शांत गेला. त्या टेबलाशी बसून होत्या, हातात काही नव्हतं.

तेवढ्यावरही मी सांगितलं नाही. मी स्वतःलाच म्हणत होते, डॉक्टरने सांगितलंय ना, डोळ्यांचंच आहे. आपलं काय त्यात.

ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात त्यांनी मिस्टरांची वही काढली. "त्यांनी या झाडांचं सगळं लिहून ठेवलंय. लांब देठाचं काय लिहिलंय बघू. तूच वाच, मला नको आता."

मी खुर्चीच्या कडेला बसून वाचायला लागले. मोठ्या माणसाचं चालतं अक्षर, मी बोट ठेवून, शब्द जुळवत वाचत होते. पाण्याचं पान झालं, मातीचं झालं. मग पुढचं पान आलं.

"ट्यूब... चालू आहे म्हणजे... उजेड देते, असं नाही. तिचा उजेड हळूहळू... उतरतो. आपल्या डोळ्याला तो... कळत नाही. रोपाला कळतो. देठ लांबले, पानं वर उठली, कळी थांबली, की..."

"थांबलीस का?"

"की आधी ट्यूबची तारीख बघावी. टोकं काळी पडली असतील तर... वर्षाचीही वाट बघू नये."

टीचर पुढे झुकल्या. "आपल्या तर नव्या आहेत. तरी एकदा जाऊन बघ गं, टोकं काळी आहेत का. एखादी खराब निघाली असेल."

मी गेले. स्टुलावर चढले. चारही ट्यूबच्या दोन्ही टोकांना, माझ्या पट्टीच्या अलीकडे, काजळी धरल्यासारखे काळे पट्टे होते. पट्टी लावताना मी ते बघितले होते. मला वाटलं होतं, धूळ.

परत येऊन मी म्हटलं, "नाहीत टीचर."

सगळ्यात जास्त लाज मला या दोन शब्दांची आहे. जूनमधल्या 'हो'ची नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता मी स्वतःच्या तोंडाने वाचून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले होते.

त्या म्हणाल्या, "बरं," आणि वही मिटली. वहीवर हात ठेवून बसल्या. "त्यांच्यानंतर एवढं एकच मला जमत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मिस्साला गेल्यावर मी माळ्यावरून एक कोरी ट्यूब काढली. जुनी फिरवली. कर्र आवाज झाला, तरी फिरवली. ती सरळ हातात आली, फुटली नाही, ठिणगी नाही, काही नाही. चार महिने मी ज्याला घाबरले ते काम एका मिनिटाचं होतं. नवी बसवली. ती लागली आणि मी स्टुलावरच बसले.

शेजारी-शेजारी दोन ट्यूब. एक पांढरी, डोळ्यात भरणारी. दुसरी चालूच होती, पण चहात बुडवून काढल्यासारखी. तिच्या खालची रोपं सावलीत होती. इतके दिवस ती सावली मला उजेड वाटत होती.

तेव्हा माझ्या मनात आलं, आणि तेही लिहायला हवं, की त्या यायच्या आत चारही बदलता येतील. जुन्या गोणीत घालून वालीवला नवऱ्याबरोबर पाठवता येतील. रोपं सुधारतील, कुणाला काही कळणार नाही. पण मग टीचर खोलीत येऊन काय म्हणाल्या असत्या? उजेड वाढला. आणि मी काय म्हटलं असतं, नाही टीचर, आहे तेवढाच आहे?

मी बाकीच्या तीन तशाच ठेवल्या. जुनी काढलेली ट्यूब पट्टीसकट जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवली. त्या आल्या, ओढणीसारखा घेतलेला स्कार्फ काढत होत्या, तोवर मी म्हटलं, "टीचर, आधी खोलीत या."

त्यांनी वर बघितलं. मग खालच्या ट्यूबकडे. वाकून पट्टी वाचली, काळ्या टोकावरून बोट फिरवलं. मला काही सांगावंच लागलं नाही. तरी मी सांगितलं, पहिल्यापासून, फोनवरच्या 'हो'पासून कालच्या 'नाही'पर्यंत. रडणार नाही असं ठरवलं होतं, ते जमलं. रडले असते तर त्यांनी मला जवळ घेतलं असतं, आणि ते मला नको होतं.

त्या म्हणाल्या, "वर्गात मुलं गृहपाठ करायची नाहीत आणि वही घरी राहिली म्हणायची. त्यांना मी दाराबाहेर उभं करायची. तुला कुठे उभं करू?"

"जाऊ का मी, टीचर? खोल्या रिकाम्या करतो आम्ही."

"गप्प. हेच येतं तुला. एक तर लपायचं, नाहीतर पळायचं." आवाज चढला होता. मी त्यांना इतकं चिडलेलं कधीच बघितलं नव्हतं. "झाडांचं मला काही नाही. झाडं परत येतील. मी तीन आठवडे आंधळी होत होते गं. जिन्यावर भिंत धरत होते. तू बघत होतीस."

"हो."

"बघत होतीस ना?"

"हो टीचर."

त्या वळल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि स्वतःचा चहा स्वतः केला. एक कप.

दुपारी मी उरलेल्या तीन ट्यूब घेऊन स्टुलावर चढले, तर दारातून आवाज आला, "एकदम नाही. खालच्या फळीची एक आज. उरलेल्या दोन पुढच्या महिन्यात. इतके दिवस अंधारात होती ती, भाजतील." घाई करून भरपाई करायची सोयसुद्धा मला मिळाली नाही.

साहजिकच नोव्हेंबरच्या दोन तारखेला एकाही कुंडीत फूल नव्हतं. टीचरांनी वाडीतली जास्वंद आणि झेंडू काढले. मग त्या खोलीत गेल्या आणि सगळ्यात लांब मानेचं, काड्यांना बांधलेलं एक रोप घेऊन आल्या. "हेच नेऊ." मी कबर धुतली. त्यांनी झेंडूच्या मधोमध ती कुंडी ठेवली, हात जोडून उभ्या राहिल्या आणि मग दगडाकडे बघत, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "हिने केलंय हे. काय ते हिलाच विचारा." आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मी नाही हसले. त्याही हसत नव्हत्या.

वाचनाची पाळी त्यांना लगेच परत मिळाली नाही. ती एका तरुण मास्तरणीला दिली होती आणि ती चांगली वाचायची. टीचर मागच्या बाकावर बसून ऐकायच्या. "तिच्याकडून काढून कशी घेऊ?" म्हणायच्या. उन्हाळ्यात ती बाळंतपणाला गेली तेव्हा कुठे शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा आवाज आला. तोवर व्हायोलेट फुलली होती. सकाळचा चहा पुन्हा दोन कप कधी झाला, ते मात्र मला आठवतं: नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात, उरलेल्या दोन ट्यूब मी बदलल्या आणि पट्ट्यांवर खरा महिना लिहिला त्या दिवशी. जूनची पट्टी त्यांनी नखाने सोडवली आणि वहीत, मिस्टरांच्या त्या ओळींखाली चिकटवली. "हे पण लिहिलेलं असावं," एवढंच म्हणाल्या.

आता एलईडी ट्यूब आहेत. दुकानदार म्हणतो, पुष्कळ वर्षं बघायला नको. त्या गरम होत नाहीत, टोकं काळी पडत नाहीत, पण उजेड त्यांचाही उतरतोच, फक्त फार हळू. म्हणून मी एक नवी ट्यूब न वापरता बाजूला ठेवलीय. दर काही महिन्यांनी ती चालू ट्यूबच्या शेजारी लावून बघते. फरक दिसला तर बदलायची वेळ झाली. नुसत्या डोळ्यावर मी विसंबत नाही, आणि स्वतःच्या शब्दावर तर मुळीच नाही.

गेल्या महिन्यात टीचर खोलीच्या दारात थांबल्या. "अगं, उजेड कमी झालाय का?"

उत्तर माहीत होतं मला. पंधरा दिवसांपूर्वीच ताडून बघितलं होतं. पण मी बोलले नाही. स्टूल घेतलं, एक ट्यूब काढली, तिच्या जागी नवी लावली आणि बाजूला झाले. त्या बराच वेळ या ट्यूबकडून त्या ट्यूबकडे बघत राहिल्या. चष्मा काढून, मग लावून.

"सारख्याच आहेत," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. या वेळी ट्यूब खराब निघायला हवी होती, असं मला फार वाटलं.

"बरं," म्हणाल्या, आणि दाराची चौकट सोडून त्यांनी माझा दंड धरला. "सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. तू चल बरोबर."